जुन्या आगबोटींची माहितीपत्रके : नांदेड-लातूरच्या संग्राहकांसाठी मार्गदर्शन

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांना समुद्र लागून नाही. तरीही या भागातील जुने वाडे पाडले जाताना माळवदाखालच्या खोल्यांतून, लोखंडी ट्रंकांतून आणि वकील-डॉक्टरांच्या जुन्या फायलींतून प्रवासी आगबोटींची माहितीपत्रके, तिकिटे, जेवणाची कार्डे आणि सामानावर चिकटवायची लेबले निघत असतात. असा कागद हाती आला की कुटुंबीयांना आणि नव्या संग्राहकांना पडणारे प्रश्न बहुधा तेच असतात : कागद अस्सल आहे की नंतरची प्रतिकृती, तो कोणत्या सुमाराचा, त्यावरच्या जहाजाचे पुढे काय झाले, तो विकता येतो का, आणि ठेवायचा तर टिकवायचा कसा. या प्रश्नांची उत्तरे ज्या क्रमाने शोधली असता निर्णय घेणे सोपे जाते, त्याच क्रमाने पुढील मांडणी केली आहे.

काय जमवायचे, हे आधी ठरवावे

ठरावीक मार्गावर, जाहीर वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी आणि टपाल नेणाऱ्या मोठ्या जहाजांचा काळ विमानप्रवास स्वस्त होईपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने १९६० च्या दशकापर्यंत टिकला. या जहाजांच्या कंपन्या प्रवाशांसाठी जे रंगीत पुस्तक छापत, त्याला येथे माहितीपत्रक म्हटले आहे. त्याच्याबरोबर सुटण्याच्या तारखांची यादी, भाड्याचे सुटे पान आणि डेकचा नकाशा, म्हणजे प्रत्येक मजल्यावरील केबिनांची क्रमांकवार आखणी, असे साहित्य मिळत असे.

नवा संग्राहक बहुधा ‘टायटॅनिक’च्या मागे लागतो, आणि हीच त्याची पहिली चूक ठरते. त्या जहाजाचे छापील साहित्य पुनःपुन्हा छापले गेले आहे, अस्सल कागदांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, आणि मराठवाड्यातील माणसाच्या प्रवासाशी त्या जहाजाचा काडीचाही संबंध नाही. आपल्या भागातील संग्राहकाचे खरे क्षेत्र म्हणजे मुंबई बंदरात लागणारी जहाजे, आणि ती मुख्यतः पुढील कंपन्यांची होत :

- पी अँड ओ : लंडन-मुंबई मार्गावरील सर्वांत परिचित कंपनी. महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी निघाले ते ‘राजपुताना’ याच कंपनीचे. १९२९ चे ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ आणि १९३१ पासून आलेली ‘स्ट्रॅथ’ मालिकेतील पांढरी जहाजेही याच कंपनीची.
- लॉइड त्रिएस्तीनो : इटलीची कंपनी, युरोपात शिकायला जाणारे अनेक विद्यार्थी हिच्या जहाजांनी गेले. गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये परतले ते हिच्याच ‘पिल्स्ना’ जहाजाने.
- अँकर लाइन : लिव्हरपूल-मुंबई मार्गावरील ‘सर्कासिया’, ‘सिलिसिया’ आणि ‘कॅलेडोनिया’ ही जहाजे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांतील विद्यार्थ्यांच्या कागदांत ही नावे शोधावीत.
- ब्रिटिश इंडिया : पूर्व आफ्रिका आणि इराणच्या आखाताकडे जाणारी ‘कंपाला’, ‘करंजा’, ‘द्वारका’ यांसारखी जहाजे.
- मोगल लाइन : १८७७ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे अँड पर्शिया’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे हजयात्रेशी एकरूप झालेली कंपनी.

नांदेड-लातूरच्या दृष्टीने यांतील शेवटचे नाव सर्वाधिक महत्त्वाचे मानावे. निजामाच्या राज्यातील जिल्ह्यांतून हजला जाणारे यात्रेकरू मुंबईला येऊन जेद्दाहची बोट धरीत आणि ही सागरी यात्रा १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती; त्यामुळे अशा घरांत चकचकीत माहितीपत्रकापेक्षा तिकिटाचा अर्धा भाग, यात्रेकरूचा पास, लस टोचल्याचा दाखला किंवा तांबड्या समुद्रातील कामरान बेटावरच्या विलगीकरण केंद्राचा शिक्का असलेला कागद सापडण्याचा संभव अधिक असतो. बाजारात या कागदांना अजून फारसा भाव नाही, म्हणूनच ते रद्दीत जातात. जिल्ह्याच्या इतिहासासाठी मात्र लंडनमध्ये छापलेल्या शंभर पुस्तकांपेक्षा ते मोलाचे आहेत.

विकत घेण्यापूर्वी नोंद करावी

माहितीपत्रक हजारोंच्या संख्येने छापले जाई. एखाद्या प्रतीला वेगळेपण येते ते ती कोणाकडे होती आणि कोणत्या प्रवासात वापरली गेली यामुळे. वस्तूच्या मालकीचा हा माग एकदा तुटला की पुन्हा जोडता येत नाही, म्हणून पैसे देण्याआधीच कागद कोणत्या गावातील, कोणत्या घरातील, कोणाच्या नावाच्या ट्रंकेतून निघाला, त्याच्यासोबत आणखी काय होते, हे विचारून लिहून ठेवावे. रद्दीवाल्याकडून घेताना तर एका गठ्ठ्यातील कागद एकत्रच घ्यावेत. माहितीपत्रक ठेवून त्यातली रेल्वेची पावती टाकून देणे हा संग्रहाचा मोठा तोटा होय. कारण लातूरचा प्रवासी १९११ नंतर बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीपर्यंत आणि तेथून मोठ्या गाडीने मुंबईला जाई, नांदेडचा प्रवासी मनमाडमार्गे जाई, आणि ही क्षुल्लक वाटणारी पावतीच पुष्कळदा प्रवासाची तारीख सांगते.

घरातील कागदांवर सर्व वारसांचा हक्क असतो, हे विसरू नये. एका भावाने विकलेल्या ट्रंकेवरून पुढे वाद उभे राहतात. म्हणून विक्रेत्याचे नाव, तारीख, रक्कम, वस्तूंची यादी आणि ‘इतर वारसांची संमती आहे’ असे वाक्य असलेली सही केलेली पावती घ्यावी. कागदावर ग्रंथालयाचा, सरकारी कार्यालयाचा किंवा दफ्तरखान्याचा शिक्का असेल आणि तो रीतसर बाद केल्याची खूण नसेल, तर तो कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये.

कागदाचे वर्ष कसे ओळखावे

माहितीपत्रकांवर वर्ष छापण्याची रीत सहसा नव्हती, कारण उरलेल्या प्रती पुढच्या हंगामातही वाटायच्या असत. मात्र शेवटच्या पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव आणि पुष्कळदा महिना-वर्षाचा संकेत असतो. तो भिंगाखाली प्रथम पाहावा. तो नसल्यास पुढील खुणा उपयोगी पडतात :

- धुराडी : ‘स्ट्रॅथनेव्हर’ आणि ‘स्ट्रॅथएअर्ड’ या जहाजांना आरंभी तीन धुराडी होती, त्यांपैकी फक्त मधले खरे आणि बाकीची दोन शोभेची, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत एकच धुराडे ठेवले गेले. चित्रात तीन धुराडी असतील तर मूळ छपाई युद्धापूर्वीची समजावी.
- नाणे : भाड्यात आण्यांचा उल्लेख असेल तर कागद सामान्यतः १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, आणि शिलिंग-पेन्सचा असेल तर १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वीचा.
- कंपनीचे नाव : ‘लॉइड त्रिएस्तीनो’ हे नाव पहिल्या महायुद्धानंतरचे आहे, आणि ‘पी अँड ओ–ओरिएंट लाइन्स’ हे जोडनाव १९६० ते १९६६ या काळातच आढळते.
- मार्ग : सुएझ कालवा जून १९६७ ते जून १९७५ बंद होता, मुंबईहून युरोपला आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जाणारा मार्ग छापला असेल तर तो बहुधा याच काळातील.

भाड्याचे सुटे पान स्वतःचेच वर्ष सांगते, पुस्तकाचे नव्हे. कारण जुन्या पुस्तकात नवे पान घालून देण्याची पद्धत होती.

आपल्या भागात एक अधिकची अडचण आणि तिच्यातूनच एक अधिकची सोय निर्माण होते. हैदराबाद संस्थानात सरकारी व्यवहार फसली या महसुली सनाने आणि उर्दूत चालत, त्यामुळे समासातील हस्ताक्षरात १३४० असे वर्ष दिसले तर ते गोंधळात टाकते. या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, आणि हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने १३४० फसली म्हणजे १९३०-३१ होय. हजविषयक कागदांवर मात्र हिजरी सनही असू शकतो, म्हणून महिन्याचे नाव वाचून घ्यावे : आझर, दै, बहमन असे महिने फसलीचे, शव्वाल, झिल्हज हे हिजरीचे. तसेच रक्कम हाली शिक्क्याची, म्हणजे संस्थानच्या रुपयाची आहे की कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाची, हेही पाहावे, कारण दोहोंची किंमत सारखी नव्हती. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत.

जहाजाचा इतिहास कसा लावावा

नावावर विसंबणे हा येथला मोठा धोका आहे. लॉइड त्रिएस्तीनोचे ‘व्हिक्टोरिया’ म्हटले की दोन जहाजे पुढे येतात : १९३१ चे, जे जानेवारी १९४२ मध्ये युद्धात बुडाले, आणि १९५३ चे, जे पुढे विकले जाऊन ‘अनास्तासिस’ या नावाने रुग्णालय-जहाज झाले. ब्रिटिश इंडियाचे ‘करंजा’ १९७६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे येऊन ‘नानकौरी’ झाले. अँकर लाइनच्या ‘कॅलेडोनिया’चा शेवट तर अधिक हृद्य आहे, कारण मुंबईहून विद्यार्थी नेणारे ते जहाज निवृत्त झाल्यावर काही वर्षे ॲमस्टरडॅमच्या धक्क्यावर विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून उभे होते. म्हणून नावाबरोबर कंपनी, बांधणीचे वर्ष आणि टनभार, म्हणजे जहाजाच्या आतील जागेचे अधिकृत माप, या तिन्ही गोष्टी जुळवाव्यात. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजाला मिळालेला अधिकृत क्रमांक त्या नोंदणीत असेपर्यंत नाव बदलले तरी तोच राहतो. तो सापडला की संशय फिटतो.

शोधाची साधने घरबसल्या मिळण्यासारखी आहेत. पी अँड ओ कंपनीच्या वारसा विभागाने आपल्या जहाजांची माहितीपाने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, आणि लॉइड्स रजिस्टर या जहाज-वर्गीकरण संस्थेच्या वारसा केंद्राने आराखडे व तपासणी-अहवाल खुले केले आहेत. प्रवाशाचे नाव शोधायचे असल्यास लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘बीटी २६’ या मालिकेत १८७८ ते १९६० या काळात ब्रिटनमध्ये उतरलेल्या आणि ‘बीटी २७’ मध्ये १८९० ते १९६० या काळात तेथून निघालेल्या प्रवाशांच्या याद्या आहेत. वंशावळ शोधणाऱ्या सशुल्क संकेतस्थळांवर त्या नावाने धुंडाळता येतात. आडनावाची स्पेलिंगे तीन-चार प्रकारांनी घालून पाहावीत. एवढे करूनही नाव न सापडल्यास प्रवासच झाला नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण वेळ वाचवण्यासाठी पुष्कळ प्रवासी मार्सेला उतरून रेल्वेने पुढे जात आणि अशांची नावे ब्रिटिश बंदराच्या यादीत येत नाहीत.

निजामाच्या सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थ्याचा माग काढायचा असेल तर हैदराबादच्या तारनाका भागातील तेलंगणा राज्य अभिलेखागार, जिथे निजाम राजवटीची दफ्तरे आहेत, हे पहिले ठिकाण. त्यासाठी उर्दू वाचणारा सोबती हवा. मुंबईच्या बाजूची कागदपत्रे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र पुराभिलेखागारात पाहावीत.

अस्सल की प्रतिकृती

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि अतिनील किरणांची छोटी बॅटरी ही दोन साधने पुरेशी आहेत. जुन्या छपाईत छायाचित्राचे ठिपके नियमित जाळीत बसलेले दिसतात, तर संगणकाच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ते विखुरलेले असतात, आणि मूळ जाळीचेच छायाचित्र घेऊन पुन्हा छापले असेल तर अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी बनलेल्या आढळतात. अतिनील प्रकाशात निळसर चमकणाऱ्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने असतात आणि त्यांचा वापर १९५० च्या सुमारापासून रूढ झाला. म्हणून १९३१ चे म्हणून विकले जाणारे पत्रक चमकत असेल तर व्यवहार थांबवावा.

घडीच्या डेक-नकाशाकडे विशेष लक्ष द्यावे. तो पातळ कागदावर छापलेला, पुस्तकाच्या शेवटी खिशात ठेवलेला आणि आठ-दहा घड्यांचा असे. खऱ्या नकाशात जेथे दोन घड्या एकमेकींना छेदतात तेथे बारीक छिद्रे पडलेली असतात, घडीच्या बाहेरच्या बाजूला मळाची रेघ असते, आणि कधी कधी एखाद्या केबिनच्या आकड्याभोवती शाईने किंवा पेन्सिलने गोल काढलेला असतो. तो गोल खोडून नकाशा स्वच्छ करण्याचा मोह टाळावा, कारण त्या खुणेमुळेच ती प्रत एका माणसाची ठरते. नकाशा नसलेले पुस्तक अपुरे असते. विक्रेता ‘पूर्ण’ म्हणत असेल तर पाने, खिसा आणि नकाशा यांची छायाचित्रे मागावीत.

खरेदी आणि ग्राहक म्हणून हक्क

मुंबईचा चोर बाजार, हैदराबादच्या आबिड्सचा रविवारचा पुस्तकबाजार, आणि नांदेड-लातूरचे रद्दीचे दुकानदार ही प्रत्यक्ष पाहून घेण्याची ठिकाणे आहेत; त्यांतही रद्दीच्या दुकानदाराशी ओळख वाढवणे सर्वांत फलदायी, कारण घराची आवराआवर झाली की कागद प्रथम त्याच्याकडे जातो. सुरुवात जहाजांच्या पोस्टकार्डांपासून करावी : ती स्वस्त असतात, विपुल असतात आणि डोळ्याला सवय लावतात.

ऑनलाइन व्यावसायिक विक्रेत्याने प्रतिकृती अस्सल म्हणून विकली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे, म्हणजे नांदेड किंवा लातूर येथेच, तक्रार करता येते. ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर सल्ला घेता येतो. त्यासाठी जाहिरातीचे पान, संभाषण आणि पैसे दिल्याची नोंद खरेदीच्या दिवशीच जपून ठेवावी. घरातील एखादी वस्तू प्रसंगाने विकणाऱ्या व्यक्तीविरुद्ध हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. तेथे वर सांगितलेली पावतीच कामी येते. परदेशातून मागवलेल्या पार्सलावर सीमाशुल्क लागू शकते. किंमत कमी दाखवण्यास विक्रेत्याला कधीही सांगू नये.

परदेशी विकण्यापूर्वी कायदा पाहावा

सर्वाधिक गोंधळ याच बाबतीत दिसतो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे वस्तू शंभर वर्षांची असल्यावर पुरावस्तू ठरते, परंतु ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा सौंदर्याच्या दृष्टीने मोल असलेल्या हस्तलिखित, नोंद किंवा दस्तऐवजाच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांचीच आहे. पुरावस्तूची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही, आणि तसे केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. छापील माहितीपत्रक सर्वत्र मिळणारे असले तरी १९४० च्या दशकातील हस्ताक्षरयुक्त प्रवासपत्रे टपालाने परदेशी पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या छत्रपती संभाजीनगर येथील मंडळ कार्यालयाकडे विचारणा करून ‘पुरावस्तू नसल्याचे’ प्रमाणपत्र घेणे शहाणपणाचे.

जुन्या पासपोर्टांची विक्री टाळावी, कारण १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली दिलेला पासपोर्ट कायम केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. माहितीपत्रकातील चित्रे पुस्तकात छापायची असतील तर स्वामित्वहक्क तपासावा : चित्रकाराचे नाव ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, आणि नाव अज्ञात असल्यास प्रकाशनानंतर साठ वर्षे तो टिकतो. कागद विकत घेतला म्हणजे चित्राचा हक्कही मिळाला, असे होत नाही.

मराठवाड्याच्या हवेत कागद टिकवणे

एप्रिल-मेची कोरडी उष्णता कागद ठिसूळ करते आणि लगेच येणारा पावसाळा त्यात ओल भरतो. हा झपाट्याचा बदल सततच्या उष्णतेपेक्षा घातक असतो. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला आणि माळवदाला लागून ठेवू नये, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावे. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांनी झालेले नुकसान पुसता येत नाही. बाजारातील वासाच्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या शाई ओढून घेतात, म्हणून पॉलिएस्टरचे पारदर्शक कव्हर किंवा आम्लरहित कागद वापरावा. गंजलेली पिन ओढून न काढता तिचे टोक पातळ पट्टीने सरळ करून मग अलगद सोडवावी. कडुनिंबाचा पाला ट्रंकेत ठेवायची जुनी रीत चालेल, पण पाला पुरचुंडीत असावा आणि कागदाला लागू नये. कसर किंवा वाळवी दिसताच तो कागद इतरांपासून वेगळा करावा.

माहितीपत्रकांचा चकचकीत कागद भिजून वाळला की पाने एकमेकांना कायमची चिकटतात. गोदावरीकाठच्या वस्तीत पुराचे पाणी शिरते, तेथे भिजलेले पुस्तक ओले असतानाच प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घालावा आणि पंख्याखाली सावलीत वाळवावे. उन्हात ठेवू नये. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीची घरे माणसांसकट कोसळली. त्या गावांच्या परिसरात जे कागद आज शिल्लक आहेत त्यांची किमान ३०० डीपीआयने, नकाशांची ६०० डीपीआयने स्कॅन प्रत काढून ती दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवावी. हस्ताक्षर असलेली मागची बाजूही स्कॅन करावी. ती वगळण्याची चूक बहुतेक जण करतात.

संग्रह पुढे सोपवताना

पुढच्या पिढीला रस नसल्यास संग्रह फोडून विकण्यापूर्वी स्कॅन प्रतींचा संच नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थेच्या ग्रंथालयाला देऊ करावा. मूळ कागद देताना दानपत्र करावे, त्यात वस्तूंची क्रमांकवार यादी जोडावी, आणि कागद एकत्र ठेवले जातील, अभ्यासकांना पाहता येतील व संस्थेला नको झाल्यास कुटुंबाला परत विचारले जाईल, या तीन अटी स्पष्ट लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.